तिसरा तारा: विचित्र तारकाप्रणालींच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

प्रोग्रामचा सांगाडा आज उभा राहिला. दोन ताऱ्यांची वस्तुमानं आणि त्यांच्यामधलं अंतर द्यायचं. मग काळ पुढे सरकतो, तारा फुगतो, फुगलेल्याचा वायू दुसऱ्याकडे जातो किंवा जोडीबाहेर निघून जातो, आणि शेवटी जे उरतं ते छापलं जातं. संशोधक वापरतात ते कसलेले प्रोग्राम मिळतात, पण त्यांत उत्तर हाती येतं आणि वाट दिसत नाही. मला वाट बघायची आहे, म्हणून एकेक पायरी स्वतः लिहितोय.

सरांना माझी यादी दाखवली. सेकंदाला ३६६ गिरक्या घेणारा पल्सार, म्हणजे फुटलेल्या ताऱ्यातून उरलेला न्यूट्रॉन तारा, आणि त्याच्याभोवती दोन श्वेत बटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे उघडे गाभे. सूर्यासारख्या ताऱ्याला सोबतीला घेऊन शांत फिरणारं कृष्णविवर. मेलेल्या ताऱ्याभोवतीचे ग्रह. त्यांनी यादी वाचली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "विचित्र म्हणू नकोस अजून. एक जोडी घे आणि सांग, यांच्याजवळ एकेकाळी होतं ते गेलं कुठे?" हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

१२ जानेवारी

सुरुवात अलगोलपासून. ययाति समूहातला हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. १७८३ मध्ये जॉन गुडरिक या १८ वर्षांच्या कर्णबधिर मुलाने ही नियमितता मांडली आणि एखादी काळोखी वस्तू समोरून जात असावी असं सुचवलं. त्याचा अंदाज बरोबर होता, फक्त ती वस्तू म्हणजे मंद तारा निघाला.

कोडं असं: जोडीतला तेजस्वी तारा सुमारे ३.१७ सौर वस्तुमानाचा आहे आणि अजून तरुण आहे. मंद तारा ०.७० चा, आणि तो म्हातारा होऊन फुगलेला. जड तारा आधी म्हातारा होतो हा तर ताऱ्यांच्या आयुष्याचा पहिला नियम. दोघे एकत्र जन्मले असतील तर हलका आधी म्हातारा झालाच कसा? १९५५ मध्ये क्रॉफर्ड यांनी उत्तर दिलं: आजचा हलका हाच एकेकाळी जड होता. फुगला आणि आपलं बहुतेक वस्तुमान सोबत्याला देऊन बसला.

अलगोलला लांबून फिरणारा तिसराही तारा आहे, ६८० दिवसांत एक फेरी घेणारा. तो सध्या सोडून दिला. दोघांचाच हिशेब आधी.

१४ जानेवारी

रोश लोबचा भाग लिहून झाला. जोडीतल्या प्रत्येक ताऱ्याभोवती त्याच्या हक्काचा एक प्रदेश असतो, पाण्याच्या थेंबासारखा, टोक सोबत्याच्या बाजूला. तारा फुगून त्या थेंबाच्या कडेला टेकला की टोकातून वायू पलीकडे वाहू लागतो. थेंबाचा आकार काढायला एगल्टन यांचं १९८३ चं सूत्र वापरलं.

मग अलगोल उलटा चालवला. गृहीत असं की थेंबभरही वायू बाहेर गेला नाही, कोनीय संवेगही (जोडीच्या फिरण्याचा साठा) नाही. अशा देवाणघेवाणीत फेरीचा काळ दोन वस्तुमानांच्या गुणाकाराच्या घनाशी व्यस्त असतो. एकूण ३.८७, मूळ वाटणी २.१ आणि १.७७ धरली. मूळ फेरी ०.६१ दिवसांची आली, अंतर पावणेपाच सूर्य-त्रिज्या, आणि जड ताऱ्याचा थेंब १.८७ सूर्य-त्रिज्यांचा. व्याध जवळजवळ एवढ्याच वस्तुमानाचा आहे आणि त्याची त्रिज्या सूर्याच्या १.७ पट. म्हणजे या हिशेबाने अलगोलचा जड तारा जन्मतःच थेंबात जेमतेम मावत होता. जरा फुगला की ओसंडणार, आणि तेही गाभ्यात हेलियम साठण्याच्या खूप आधी. आजचा अलगोल तसा दिसत नाही.

आकडे तीनदा तपासले. चूक आकड्यांत नाही, गृहीतात आहे. काही वस्तुमान आणि त्यासोबत कोनीय संवेग जोडीतून बाहेर गेला असला पाहिजे. मूळचे दोघे याहून जड होते आणि एकमेकांपासून जास्त लांब. सरांचा प्रश्न पहिल्याच जोडीत समोर आला याचा खरंच आनंद झाला.

१९ जानेवारी

आज व्ही४७१ टॉरी, वृषभेतल्या हायडीज तारकागुच्छातली जोडी. एक श्वेत बटू ०.८४ चा, एक साधा नारिंगी तारा ०.९३ चा, फेरी साडेबारा तासांची. केप्लरच्या नियमाने अंतर ३.३ सूर्य-त्रिज्या.

हा आकडा वाचून थांबलो. श्वेत बटू म्हणजे तांबड्या राक्षसी ताऱ्याचा उघडा पडलेला गाभा. तो राक्षस मरताना सूर्याच्या काही शेकडो पट मोठा होता. मग आज त्याचा सोबती गाभ्यापासून ३.३ सूर्य-त्रिज्यांवर कसा? तो राक्षसाच्या पोटातूनच गेला असला पाहिजे. १९७६ मध्ये बोहदान पाचिन्स्की यांनी नेमकं हेच मांडलं: वायू इतक्या घाईने ओसंडतो की सोबत्याला तो सामावून घेता येत नाही, दोघांभोवती एकच सामायिक कवच तयार होतं, सोबती त्या वायूला घासत घासत आत घसरतो, आणि त्या घसरण्यातून सुटलेली ऊर्जा कवच उधळून लावते.

हे मोजता येतं. राक्षस ३.५ सौर वस्तुमानाचा धरला, त्रिज्या ४००, कवच २.६६, आणि कवचाच्या घट्टपणाचा गुणांक ०.५. कवच मोकळं करायला लागणारी ऊर्जा (गुरुत्वस्थिरांक, सौर वस्तुमान आणि सूर्य-त्रिज्या यांच्या एककात) ०.०४७. जोडी ८०० सूर्य-त्रिज्यांच्या धरलेल्या अंतरावरून ३.३ वर आली तेव्हा सुटलेली ऊर्जा ०.११६. म्हणजे सुटलेल्या ऊर्जेतली ४० टक्के कामी आली तरी कवच गेलं. बाकीची प्रकाश आणि उष्णता होऊन निसटली असं म्हणायला जागा आहे. हिशेब बसला.

पण हायडीजमधल्या श्वेत बटूंची तुलना करताना एक गोष्ट खटकली, आणि ती जाणकारांनाही खटकलेली आहे. हा बटू तिथल्या बटूंमध्ये सर्वांत जड आणि सर्वांत उष्ण आहे. जड बटू जड ताऱ्यातून येतो, जड तारा आधी मरतो, म्हणजे त्याचा निखारा आतापर्यंत सर्वांत जास्त विझलेला हवा होता. इथे उलटं आहे. २००१ मध्ये सुचवलेला उलगडा असा की मूळ प्रणाली त्रिकूट होती. आतले दोघे आधी एकमेकांत मिसळून एक झाले, त्या नव्या जड ताऱ्याचं आयुष्य उशिरा सुरू झालं, म्हणून तो उशिरा मेला. आजचा नारिंगी तारा हा त्या त्रिकुटातला तिसरा. असे मिसळून ताजेतवाने झालेले तारे गुच्छांत दिसतात. त्यांना निळे मागासलेले म्हणजे ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात, आणि अॅलन सँडेज यांनी ते १९५३ मध्ये एम३ गुच्छात प्रथम दाखवले.

अलगोलचा तिसरा मी सोडून दिला होता. समासात खूण करून ठेवली.

२ फेब्रुवारी

स्फोटाची पायरी. १९६१ मध्ये ब्लाउ यांनी दाखवलेला नियम छोटा आणि निष्ठुर आहे. वर्तुळाकार कक्षेतल्या जोडीतला एक तारा क्षणात वस्तुमान गमावतो. गमावलेलं वस्तुमान उरलेल्यापेक्षा जास्त असेल तर जोडी तुटते. कमी असेल तर टिकते, पण कक्षा लांबट होते: विकेंद्रता (लांबटपणाचं माप) म्हणजे गमावलेलं भागिले उरलेलं.

पहिली चाचणी ग्रहांवर. पीएसआर बी१२५७+१२ या पल्सारभोवती वोल्स्झान आणि फ्रेल यांनी १९९२ मध्ये दोन ग्रह जाहीर केले, सुमारे ६६ आणि ९८ दिवसांच्या फेऱ्यांचे, पृथ्वीच्या चौपट वस्तुमानाच्या आसपासचे. सूर्यमालेबाहेरचे ते पहिले खात्रीशीर ग्रह. आठाहून जास्त सौर वस्तुमानाचा तारा फुटून १.४ उरला, तर गमावलं ते उरलेल्याच्या चौपटीहून जास्त. प्रोग्रामने सगळे ग्रह उधळले. पण खऱ्या ग्रहांच्या कक्षा जवळजवळ गोल आहेत. म्हणजे हे ग्रह स्फोटानंतरचे, मेलेल्या ताऱ्याभोवती जमलेल्या मालमसाल्याच्या चकतीतून घडलेले.

८ फेब्रुवारी

तीन ताऱ्यांची गती चालवायचा भाग लिहिला आणि पहिल्याच धावेत आतला तारा प्रणालीबाहेर फेकला गेला. दिवस यातच गेला.

चाचणी लिडोव्ह आणि कोझाई यांच्या परिणामाची होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी तो वेगवेगळा शोधला. बाहेरचा तारा आतल्या कक्षेच्या पातळीला ३९.२ अंशांपेक्षा जास्त कललेला असेल, तर आतली कक्षा आलटून पालटून लांबट आणि गोल होत राहते. कल ८० अंश असेल तर विकेंद्रता ०.९७४ पर्यंत चढते. मी एका फेरीची हजार पावलं केली होती. गोल कक्षेला ती भरपूर आहेत. पण इतक्या लांबट कक्षेत तारे जवळून जातात तो काळ फेरीच्या ०.००४ एवढाच, म्हणजे हजारातली जेमतेम चार पावलं. त्या चार पावलांत ऊर्जा कुठल्या कुठे गेली. आता पाऊल अंतरानुसार लहानमोठं केलं आहे: अंतराच्या दीडव्या घाताच्या प्रमाणात. विकेंद्रता ०.९७४ वर चढली आणि उतरली. पुन्हा चढली.

१६ फेब्रुवारी

ज्याच्यासाठी हा प्रकल्प सुरू केला तो आज: पीएसआर जे०३३७+१७१५. ग्रीन बँक दुर्बिणीने सापडलेला, जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झालेला. १.४४ सौर वस्तुमानाचा पल्सार, २.७३ मिलिसेकंदात एक गिरकी. त्याच्याभोवती ०.१९७ चा श्वेत बटू १.६३ दिवसांत फिरतो, आणि या दोघांभोवती ०.४१ चा दुसरा श्वेत बटू ३२७ दिवसांत. अंतरं काढली: आतलं पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.०३२ पट, बाहेरचं १.१८ पट. दोन्ही कक्षा जवळजवळ गोल, आणि एकाच पातळीत, अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या अचूक. तीन मेलेले तारे इतक्या शिस्तीत फिरताना बघून मनात येतं की इथे कधी काही घडलंच नसावं. पण यातल्या एकाचा स्फोट झाला आहे.

म्हणून आधी स्फोट. स्फोटाआधीची मांडणी माझी: हेलियमचा उघडा गाभा ३.० चा, १.१ चा सोबती १० सूर्य-त्रिज्यांवर, १.३ चा तिसरा अर्ध्या पृथ्वी-सूर्य अंतरावर. गाभा फुटून १.३ उरतो, १.७ जातो. ब्लाउचा नियम सांगतो की आतली जोडी टिकते, विकेंद्रता ०.७१. पण इथे मला माहीत नसलेली गोष्ट प्रोग्रामने दाखवली. उडालेला वायू फुटणाऱ्या ताऱ्याचा वेग सोबत नेतो, त्यामुळे उरलेली जोडी उलट्या दिशेने ढकलली जाते. माझ्या आकड्यांत तो धक्का सेकंदाला ५३ किलोमीटर. बाहेरच्या ताऱ्याच्या दृष्टीने जोडीचा वेग आधी ९८ होता, आणि स्फोटानंतर सुटून जायला ११५ पुरतात. धक्का त्याच दिशेने बसला तर १५१, त्रिकूट संपलं. उलट दिशेने बसला तर ४५, त्रिकूट टिकलं. काटकोनात बसला तर १११, जेमतेम वाचलं. दिशा सगळीकडे सारख्या वाटल्या तर अर्ध्याहून किंचित जास्त त्रिकुटं वाचतात. यात न्यूट्रॉन ताऱ्याला जन्मतःच बसणारा स्वतःचा धक्का धरलेलाच नाही. एकटे फिरणारे पल्सार सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने पळताना दिसतात, त्यातला अंशही इथे मिळाला असता तर बाहेरचा तारा गेलाच असता. ही प्रणाली एका सौम्य स्फोटातून वाचलेली आहे.

१७ फेब्रुवारी

स्फोटानंतरची शिस्त आली कुठून? मरण्याच्या क्रमातून. बाहेरचा तारा आतल्यापेक्षा किंचित जड, म्हणून तो आधी फुगला. त्याचा वायू आतल्या जोडीवर ओतला गेला, आणि त्या वायूच्या ओढीने दोन्ही कक्षा हळूहळू एका पातळीत आल्या, गोल झाल्या. मग आतला तारा फुगला. त्याचा वायू चकतीतून न्यूट्रॉन ताऱ्यावर कोट्यवधी वर्षं पडत राहिला आणि त्याला गिरकी देत राहिला. क्रम उलटा असता तर उलट प्रणाली मिळाली असती.

या कहाणीला एक कसोटी आहे आणि ती मला फार आवडते. लहान ताऱ्याने हळू वायू सोडून श्वेत बटू मागे ठेवला, तर बटूचं वस्तुमान आणि फेरीचा काळ यांचं नातं ठरलेलं असतं, कारण राक्षसी ताऱ्याचा फुगारा त्याच्या गाभ्यावर अवलंबून असतो आणि फुगाऱ्यावर कक्षेचा आकार. टॉरिस आणि सावोनिये यांनी १९९९ मध्ये या नात्याचं सूत्र दिलं. त्यात ३२७ दिवस टाकले: ०.४०९. मोजलेलं ०.४१०. आतल्यासाठी १.६३ दिवस: ०.२११, मोजलेलं ०.१९७. दोन्ही बटूंनी आपापला वायू याच मार्गाने दिला. पडद्यावर ०.४०९ उमटलं तेव्हा खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

या त्रिकुटाने आणखी एक काम केलं आहे. जड पल्सार आणि हलका बटू बाहेरच्या ताऱ्याकडे सारख्याच वेगाने पडतात का, हे त्यात तपासता आलं. २०१८ मध्ये जाहीर झालेली मर्यादा: फरक असलाच तर दहा लाखांत २.६ भागांपेक्षा कमी.

२३ फेब्रुवारी

गाया बीएच१. २०२२ मध्ये सापडलेलं, सुमारे १५६० प्रकाशवर्षांवरचं, ज्ञात कृष्णविवरांत सर्वांत जवळचं. वस्तुमान ९.६, सोबती ०.९३ चा सूर्यासारखा तारा, फेरी १८५.६ दिवसांची, अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या १.४ पट, म्हणजे ३०० सूर्य-त्रिज्या.

व्ही४७१ टॉरीचाच हिशेब इथे लावला. कृष्णविवराचा जनक ३० सौर वस्तुमानाचा धरला, कवच २०, त्रिज्या १०००. कवच सोडवायला लागणारी ऊर्जा १.२. सोबती घसरून ३०० वर आला तर सुटणारी ऊर्जा फार तर ०.०१५. तिथे ४० टक्के पुरले होते. इथे सुटलेल्या ऊर्जेच्या निदान ८० पट ऊर्जा हवी. त्रिज्या, गाभा, घट्टपणा, सगळं बदलून पाहिलं. आकडा खाली येतो पण एकाच्या जवळपास फिरकत नाही. दोन ताऱ्यांच्या वाटेने ही जोडी होत नाही, निदान मला लिहिता येणाऱ्या वाटेने तरी नाही.

दोन वाटा चर्चेत आहेत. एक, गर्दीच्या तारकागुच्छात कृष्णविवराला सोबती नंतर मिळाला. दुसरी, मूळ त्रिकूट: आत दोन जड तारे इतके जवळ की देवाणघेवाणीमुळे कोणीच फार फुगला नाही, आणि बाहेरून फिरणारा साधा तारा सुरक्षित राहिला. २०२४ मध्ये जाहीर झालेलं ३३ सौर वस्तुमानाचं गाया बीएच३ एका विखुरलेल्या जुन्या गुच्छाच्या ताऱ्यांसोबत वाहतंय, त्यामुळे त्याच्याबाबत गुच्छाच्या वाटेला वजन येतं. बीएच१ बाबत माझा कल त्रिकुटाकडे आहे, पण त्याच्या बाजूने माझ्याकडे ८० हा आकडा सोडून काही नाही.

१ मार्च

व्ही४०४ सिग्नी, हंस समूहातलं. ९ सौर वस्तुमानाचं कृष्णविवर ६.५ दिवसांच्या फेरीतल्या सोबत्याचा वायू ओढतंय. अनेक दशकं ही जोडी म्हणूनच अभ्यासली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कळलं की जवळ दिसणारा मंद तारा नुसता त्याच दिशेला दिसणारा नाही, तो तिच्यासोबतच चालला आहे: किमान ३५०० पृथ्वी-सूर्य अंतरांवर, सुमारे ७०,००० वर्षांत एक फेरी. तिसरा तारा तिथेच होता, चित्रांत दिसतही होता.

त्या अंतरावरून सुटून जायला किती वेग लागतो ते काढलं: सेकंदाला २.४ किलोमीटर. प्रोग्रामला ५ चा धक्का दिला तर तिसरा जातो, १ चा दिला तर राहतो. म्हणजे हे कृष्णविवर जवळजवळ धक्क्याशिवाय जन्मलं. मोठा स्फोट न होता तारा स्वतःत कोसळला असावा.

८ मार्च

सरांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी पहिल्या पानापासून वाचली आणि १२ जानेवारीच्या ओळीवर बोट ठेवलं: "सध्या सोडून दिला." काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, घेतो सर.

तीन दिवसांपेक्षा कमी फेरीच्या सूर्यासारख्या जोड्यांपैकी ९६ टक्के जोड्यांना तिसरा सोबती असतो, असं २००६ मध्ये तोकोविनिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. बारा दिवसांच्या वरच्या जोड्यांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के. घट्ट जोड्या एकट्या घडत नाहीत. तिसरा कक्षा लांबवतो, जवळून जाताना भरती-ओहोटीचं घर्षण ऊर्जा खातं, आणि जोडी आवळत जाते.

९ मार्च

अलगोलचा तिसरा तारा घातला. १.८ च्या जवळपास वस्तुमान, ६८० दिवस, आणि त्याच्या कक्षेची पातळी आतल्या कक्षेला जवळजवळ काटकोनात, हे दुर्बिणींच्या जोडणीने मोजलेलं आहे. काटकोन म्हणजे लिडोव्ह-कोझाई परिणामाची पराकाष्ठा.

पहिल्या धावेत तारे बिंदू धरले. काही शे वर्षांतच आतली कक्षा लांबट होत होत दोघे एकमेकांवर आदळले. पण अलगोल तर गुडरिकच्या आधीपासून शांतपणे मंदावतो आहे. मग ताऱ्यांना आकार दिला, भरतीचे फुगवटे दिले. फुगवट्यांमुळे कक्षेचा लांब अक्ष स्वतःच इतक्या वेगाने फिरू लागला की तिसऱ्याची ओढ एका दिशेने साठायलाच सवड मिळेना. कक्षा गोल राहिली. एक लाख वर्षांच्या धावेत विकेंद्रता एकदाही ०.०१ च्या वर गेली नाही.

१४ जानेवारीच्या उलट्या धावेत हा तिसरा तारा नव्हता. आता ती धाव पुन्हा लावली आहे: मूळ जोडी जड आणि लांब, बाहेरचा तारा काटकोनात, देवाणघेवाणीत थोडा वायू बाहेर जाऊ दिलेला. पहिल्या २०० मांडण्या रांगेत आहेत.